व्हर्जिनियातला सत्ताबदल आणि मत नसलेले आम्ही

तुम्ही विचारले आहे की, पुढच्या वर्षी कुटुंबासह अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात येताना तिथे झालेला गव्हर्नर-बदल तुमच्या पथ्यावर पडेल का, आणि सातवीतल्या मुलाच्या शाळेवर त्याचा काही परिणाम होईल का. व्हिसाविषयी सरकारी संकेतस्थळावर सगळे मिळते, त्यामुळे ते इथे लिहीत नाही.

गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचे राज्यपाल नव्हेत. तो थेट मतदानाने निवडून येतो आणि त्याचे काम आपल्या मुख्यमंत्र्यासारखे असते, मात्र विधिमंडळात त्याच्याच पक्षाचे बहुमत असेल असे नाही. व्हर्जिनियात त्याला लागोपाठ दुसऱ्यांदा उभे राहता येत नाही. शिवाय ही निवडणूक अध्यक्षीय निवडणुकीच्या पुढच्याच वर्षी येत असल्यामुळे वॉशिंग्टनवरचा राग इथे निघतो. १९७७ पासून पाहिले तर व्हाइट हाउस ज्यांच्याकडे, तो पक्ष इथे हरत आला आहे. अपवाद फक्त २०१३ चा, आणि त्याच वर्षी मी दोन वर्षांच्या मुलीला घेऊन आलो.

शाळेचे म्हणाल, तर परिणाम होतो. २०२१ ची निवडणूक बरीचशी शाळांवरूनच लढवली गेली. शाळांत काय शिकवावे हे पालकांनी सांगू नये, अशा अर्थाचे डेमोक्रॅट उमेदवार मॅकॉलिफ यांचे एक वाक्य त्यांना महागात पडले आणि रिपब्लिकन यंगकिन निवडून आले. १५ जानेवारी २०२२ रोजी शपथ घेतली त्याच दिवशी, मुलांनी शाळेत मास्क घालावा की नाही हे त्यांनी पालकांवर सोपवले. सात शाळामंडळे त्याविरुद्ध न्यायालयात गेली. माझी मुलगी तेव्हा पाचवीत होती. राज्य म्हणे ऐच्छिक, शाळा म्हणे सक्तीचा, आणि रोज सकाळी दारात ती मला विचारी की आज काय करायचे.

शाळामंडळाच्या सभेत पालकांना काही मिनिटे बोलता येते. मी भाषण लिहिले, छापून घेतले. मास्क असावा की नसावा यावर त्यात एक अक्षरही नव्हते. जे काही ठरवाल ते निदान वर्षअखेरपर्यंत टिकू द्या, एवढेच म्हणणे होते. गेलोही, पण पार्किंगमध्ये गाडीतच चाळीस मिनिटे बसून परत आलो. ग्रीन कार्डचा अर्ज अडकलेला असताना उगाच कुठे नाव नको, असे वाटले. बोलायला नागरिकत्व लागत नाही, हे मला त्या रात्रीही माहीत होते. तो कागद अजून गाडीच्या खणात आहे आणि मुलीला मी हे सांगितलेले नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये डेमोक्रॅट स्पॅनबर्गर जिंकल्या, व्हर्जिनियाच्या पहिल्या महिला गव्हर्नर. लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे गव्हर्नरच्या खालोखालच्या पदावर, निवडून आलेल्या गझाला हाश्मी यांचा जन्म हैदराबादचा. मराठी मित्रमंडळींच्या जेवणात यावर तासभर चर्चा रंगली, पण तिथल्या निम्म्या लोकांना मतच नव्हते. माझेही नाही. साताऱ्याच्या यादीत परदेशस्थ मतदार म्हणून नाव घालता येते, पण मत द्यायला तिथे प्रत्यक्ष जावे लागते, आणि व्हिसाच्या मुदतीला बांधलेला वाहन परवाना दर खेपेस नव्याने काढण्यात माझ्या रजा संपतात.

एकटेपणाचेही विचारले आहे. तो असतो, सवय होते.

तुमच्या मुलाचे वय मात्र आत्ताच मोजा. एकविसावे ओलांडले की साधारणपणे मूल आईवडिलांच्या ग्रीन कार्डच्या अर्जातून बाहेर पडते, आणि भारतीयांची रांग फार लांब आहे. माझी मुलगी पंधराची होत आली आहे.