भडंगाची पहिली गिऱ्हाइकं गल्लीतच

अगं, घरचं भडंग विकायला काढतेयस, तर जाहिरातीची पत्रकं छापायची घाई करू नकोस. सांगलीकराला भडंग नवीन नाही; तो पहिला घास तोंडात टाकतानाच नेहमीच्या दुकानाशी ताडून बघतो. म्हणून चव दे. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात काउंटरवर एक बरणी ठेव. कमिशन आधीच ठरव आणि उरलेला माल परत घेईन म्हणून सांग, तरच तो दुकानदार गिऱ्हाइकापुढे तुझं नाव काढेल.

पाकिटावर १४ अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक, तयार केल्याची तारीख आणि मोबाइल नंबर ठळक हवा. पाकीट कुणाच्या तरी बॅगेतून पुण्याला जातं आणि तिथून फोन येतो. पॅकिंगमध्ये काटकसर नको, मऊ पडलेलं भडंग दुसऱ्यांदा कुणी घेत नाही.

गणपतीत फ्लेक्सवर पैसे घालण्यापेक्षा मंडळाच्या आरतीनंतर वाटायला भडंग दे (बिनलसणाचं, बरं का!). सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज फोटो टाकणारे मला तरी नकोसे होतात. आठवड्यातून एकदा, 'उद्या ताजं भडंग, रात्रीपर्यंत नोंदवा', एवढं पुरे. गूगल मॅपवर मात्र आजच नोंद कर, फुकट आहे. घरचा पत्ता दाखवायचा नसेल तर लपवताही येतो.