गावाकडच्या मुलांना अजब बंगला दाखवायचा असेल तर आधी काय करावं?

तुम्ही विचारलंय, पाचवी-सहावीची पोरं नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या जुन्या संग्रहालयात, कंटाळतील का? मी खेड्यातल्या शाळेत शिकवतो, दोनदा पोरांना नेलंय. पहिल्या वेळी कंटाळली. दुसऱ्यांदा संध्याकाळी बाहेर काढावी लागली.

फरक इतकाच, की दुसऱ्यांदा आधी जुनापाणीची शिळावर्तुळं पाहिली. नागपूर-काटोल रस्त्याजवळ आहेत. मोठमोठे दगड गोल मांडलेले, लोहयुगातली दफनं. आमच्या भागात असे दगड वावराच्या धुऱ्यावरही दिसतात, त्यामुळे पोरं लगेच बोलू लागली. तिथून काही उचलायचं नाही, हे मात्र आधीच बजावा. वस्तू जागची हलली की तिची अर्धी माहिती गेली.

संग्रहालय 1863 सालचं. काचेमागच्या वस्तूंना हात लावता येत नाही, म्हणून हाताचं काम आम्ही शाळेतच उरकलं. नाल्यातली माती मळून मणी वळले, ओले असतानाच खराट्याच्या काडीने भोकं पाडली. सोपं होतं. मग प्रत्येकाला एक गारगोटी आणि खिळा दिला: पाडा भोक! दगडावर करडी रेघ उठली. एका पोरीने ती बोटाने पुसली आणि म्हणाली, "सर, दगडाला काहीच नाही झालं, खिळाच झिजला." खरंच, ती रेघ लोखंडाचीच होती. जुने मणी ज्याचे असतात तो लाल अकीक दगड गारगोटीच्याच जातीचा. नागपूरजवळच्या माहुरझरी गावच्या प्राचीन कारागिरांनी त्याला आरपार भोकं पाडली, हे आता कुणाला समजवावं लागलं नाही.

खापरांचंही तसंच. काळ्या-तांबड्या भांड्याचा आतला भाग आणि काठ काळा, बाहेरून खालचा भाग तांबडा. दोन रंग दिलेले नसतात. भांडं पालथं घालून भाजलं की आत हवा पोचत नाही, तिथे काळं पडतं. कुंभाराच्या आव्यापाशी नेऊन हे दाखवता आलं तर फारच उत्तम.

माहुरझरीच्या दफनांत घोड्यांच्या डोक्यावर घालायचे तांब्याचे दागिनेही सापडलेत. पोळ्याला बैल सजवणाऱ्या पोरांना हे नक्की सांगा.

आणि एका दिवसात सगळी दालनं उरकू नका. पुरातत्त्वाचं एकच दालन घ्या, तिथे दोन तास द्या. आमच्या पोरांनी प्रत्येकी एकच वस्तू निवडून तिचं चित्र काढलं. त्या पोरीने मणी काढला, शेजारी खिळा.