आधी एसएमपीएस, मग ग्राफिक्स कार्ड

बारावीचा निकाल, दिवाळीचा बोनस आणि पहिला पगार, या तीन वेळांना गेमिंग पीसीचे प्रश्न ढिगाने येतात. प्रोसेसर कोणता आणि कार्ड कोणतं यावर पानभर लिहिलेलं असतं, पण या दोघांना वीज कुठून मिळणार, म्हणजे एसएमपीएस (घरातली वीज पीसीला लागणाऱ्या कमी दाबात बदलून देणारा डबा) कोणता, याबद्दल अवाक्षर नसतं. वेगवेगळ्या गावांहून त्याच त्या शंका येत आहेत, म्हणून काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड बसवलं, तरी गेम पूर्वीसारखाच अडखळतो. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावली आहे. चालते ना? (सांगली)

नाही. केबल ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टला लावा.

प्रश्न : १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला, पण जुन्या ६० हर्ट्झच्या मॉनिटरपेक्षा काहीच वेगळं दिसत नाही. फसवलं गेलं का? (परभणी)

बहुतेक नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग डिस्प्ले, मग अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं तो आकडा) १४४ निवडा. पुष्कळदा तो ६० वरच राहिलेला असतो.

प्रश्न : ‘कोअर आय७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स, गेमिंग पीसी फक्त १८ हजारांत’ अशी जाहिरात आहे. भाऊ म्हणतो आय७ म्हणजे डोळे मिटून घे. घेऊ का? (लातूर)

घेऊ नका. भावाने आय७ एवढंच वाचलं, पुढचा आकडा विचारलाच नाही. अशा जाहिरातीत बहुतेक वेळा आय७-२६०० असतो. तो जानेवारी २०११ मध्ये आला. त्याच्याबरोबर एच६१ चिपसेटचा बोर्ड आणि डीडीआर३ रॅम येते. ‘४ जीबी ग्राफिक्स’ म्हणजे बहुधा २०१४ चं जीटी ७३०, जे गेमिंगचं कार्ड कधी नव्हतंच. कार्डावरची मेमरी किती यावरून कार्डाची ताकद कळत नाही, आणि ग्राहकाला हे ठाऊक नसतं यावरच हा धंदा चालतो.

त्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ हा सूचनांचा संच नाही, त्यामुळे काही नवे गेम सुरूच होत नाहीत. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. व्हॅलोरंटसारखा साधा वाटणारा गेमसुद्धा विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी मागतो. ऑफिसच्या कामाला हा पीसी चालेल, गेमिंगला नाही.

नव्या मालातही नावाचा खेळ असतो. आरटीएक्स ३०५० हे ८ जीबीत मिळतं आणि ६ जीबीतही. लोकांना वाटतं, फरक फक्त मेमरीचा. प्रत्यक्षात ८ जीबीवाल्यात २५६० कोअर आणि १२८ बिटची बस (मेमरीशी जोडणारा रस्ता) आहे, तर ६ जीबीवाल्यात २३०४ कोअर आणि ९६ बिटची. नाव एक, कार्डं दोन. बिलावर पूर्ण मॉडेल क्रमांक आणि सिरीयल क्रमांक लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. जीएसटी वाचवायचा म्हणून कच्चं बिल घेतलंत, तर वॉरंटीच्या वेळी हात चोळत बसावं लागेल.

प्रश्न : बजेट ७० हजार, मॉनिटर आहे. बहुतेक व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २, कधीतरी मोठे गेम. मित्र म्हणतात सहा महिने थांब, नवी पिढी येईल आणि भाव पडतील. (नाशिक)

नवी पिढी दर वेळी येणारच असते. भाव पडतीलच असं मात्र नाही. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव उलटे चढले आणि थांबलेल्यांनाच जास्त पैसे मोजावे लागले. गरज असेल तेव्हा, हातात आहेत तेवढ्या पैशांत घ्यावं.

तुम्ही सांगितलेले दोन्ही गेम कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त भार टाकतात. मोठ्या गेमचं उलट असतं. म्हणून मधला प्रोसेसर आणि मधलं कार्ड अशी जोडी बघा. रायझन ५ ५६०० अजूनही चांगला आहे, पण तो एएम४ सॉकेटवर (बोर्डावरच्या प्रोसेसरच्या जागेवर) बसतो आणि एएम४ चा प्रवास जवळपास संपला आहे. एएम५ हा २०२२ पासूनचा सॉकेट. त्यावर फक्त डीडीआर५ रॅम चालते, म्हणून आज खर्च वाढतो, पण चार वर्षांनी बोर्ड न बदलता प्रोसेसर बदलता येण्याची शक्यता राहते. पुढे काही बदलायचंच नसेल तर या शक्यतेसाठी पैसे मोजू नका. कोटेशन दोन ठिकाणांहून लेखी घ्या आणि पैसे देण्याआधी जाणकाराला दाखवा. भाव आठवड्याला बदलतात, तेव्हा नेमकी यादी इथे देणं बरोबर होणार नाही. ज्या कोटेशनमध्ये एसएमपीएसचं नाव नसून नुसतं ‘५०० वॉट’ लिहिलेलं असेल, ते परत पाठवा.

प्रश्न : रॅम १६ जीबीची एक पट्टी घेऊ की ८-८ च्या दोन? (अकोला)

दोन. बोर्डावर चार स्लॉट असतील तर साधारणपणे प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्यात बसवायच्या, पण बोर्डाचं पुस्तक बघून. मग बायॉसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी किंवा एक्सपो, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायची सोय, सुरू करा, नाहीतर जास्त वेगाची रॅम घेऊन ती कमी वेगाने चालत राहील. ग्राफिक्स कार्ड न घेता ५६००जी सारख्या प्रोसेसरवर खेळणार असाल तर दोन पट्ट्यांना पर्याय नाही, कारण त्याचं ग्राफिक्स याच रॅमवर चालतं.

प्रश्न : गेम सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पीसी झटकन बंद होऊन पुन्हा सुरू होतो. विंडोज तीनदा टाकून झालं. एसएमपीएस कॅबिनेटबरोबर आलेला, ४५० वॉटचा आहे. शिवाय कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. घर जुन्या वाड्यात आहे. दुकानदार म्हणतो, ‘एवढं चालतं.’ (पुणे)

एवढं चालत नाही! या प्रश्नाचं उत्तर लांबणार आहे, कारण महाराष्ट्रातले निम्मे गेमिंग पीसी याच खात्यात आजारी पडतात असं मला रोजच्या कामात दिसतं.

आधी एसएमपीएस. कॅबिनेटची बाजू उघडा आणि त्याच्यावरचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरातला ४५० विसरा आणि १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते बघा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, दोघंही मुख्यतः १२ व्होल्टवरच जेवतात. तिथे १६ अँपिअर असतील तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॉट. हीच तुमच्या कामाची खरी ताकद. बाकीचे वॉट ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यांतून जमवलेले असतात, किंवा नुसतेच छापलेले असतात. आरटीएक्स ४०६० एकटं ११५ वॉटपर्यंत घेतं. त्यात प्रोसेसर, बोर्ड, पंखे आणि डिस्क मिळवा. वर कार्डाची मागणी काही मिलिसेकंदांपुरती एकदम उसळते, ती वेगळी. त्या उसळीला स्वस्तातला एसएमपीएस मान टाकतो. बंद झाला तर नशीब म्हणायचं. बंद न होता १२ व्होल्टच्या जागी भलताच दाब पुढे सोडला, तर बोर्ड, कार्ड आणि डिस्क सगळं एका क्षणात जातं.

मागच्या बाजूला ११५/२३० असा लाल खटका असेल तर तो जुन्या धाटणीचा, अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (विजेचा वापर सुधारणारं सर्किट) नसलेला एसएमपीएस आहे असं समजा. घरातल्या लहान मुलाने तो खटका ११५ वर सरकवला आणि कुणी बटण दाबलं तर स्फोटासारखा आवाज होऊन तो जळतो. ‘८० प्लस’चा शिक्का चांगला, पण तो वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, जादा करंट, जादा दाब, शॉर्ट आणि उष्णता यांपासूनचं संरक्षण आहे की नाही हे सांगत नाही. ते वेगळं तपासावं लागतं. आरटीएक्स ४०६० साठी एनव्हिडिया ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते. तेवढा, नामांकित कंपनीचा, किमान पाच वर्षांच्या वॉरंटीचा घ्या. जुन्या मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल नव्याला लावू नका. टोक बसतं म्हणून पिनांची मांडणी एकच असेल असं नाही, आणि अशा अदलाबदलीत हार्ड डिस्क जळतात.

आता मुंग्या, आणि हे एसएमपीएसपेक्षा महत्त्वाचं आहे. एसएमपीएसच्या आत विजेचा गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून बॉडीला जोडलेला. त्यांतून झिरपणारा अगदी लहान करंट अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावा अशी रचना असते. अर्थिंगच नसेल तर बॉडी निम्म्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहते आणि हात लावला की झिणझिण्या येतात. करंट लहान असतो म्हणून लोक वर्षानुवर्षं खपवून घेतात, ‘चप्पल घालून बस’ असा सल्लाही देतात. पण या झिणझिण्या निरुपद्रवी गळतीच्या आहेत की आत फेजची तार बॉडीला टेकल्याच्या, हे हाताला कधीच कळत नाही. अशा पीसीला टीव्हीची किंवा सेट-टॉप बॉक्सची केबल जोडताना एचडीएमआय पोर्ट जळतात, ते याच कारणाने.

सगळ्यात भयंकर उपाय म्हणजे सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनेला तारेचा तुकडा मारून देणं. मुंग्या थांबतात, मालक खूश होतो, वायरमन पैसे घेऊन जातो. पुढे कधी न्यूट्रल तुटला की पीसीच्या आतून फिरून आलेला पूर्ण २३० व्होल्ट त्या कॅबिनेटवर उभा राहतो. कुणी फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल केली तर थेट फेजच बॉडीवर येते. हा प्रकार जिवावर बेतणारा आहे. मल्टीमीटरवर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात नेमकं शून्य आलं म्हणूनही निश्चिंत होऊ नका. तुकडा मारलेला असेल तरी शून्यच येतं. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग योग्य उपकरणाने मोजून घ्या, सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा खटका) बसवून घ्या. वाड्यातल्या सामायिक वायरिंगबद्दल घरमालकाशी याच आठवड्यात बोला. तोवर पीसीचा प्लग काढून ठेवा. चौथ्यांदा विंडोज टाकू नका, त्याचा इथे काही संबंध नाही.

प्रश्न : लाईट सारखी जाते. ६०० व्हीएच्या यूपीएसवर गेम खेळता येईल का? (जळगाव)

खेळता येणार नाही. गेम सेव्ह करून पीसी नीट बंद करण्यापुरता वेळ मिळेल. ६०० व्हीए म्हणजे वॉटमध्ये साधारण ३६०. स्वस्त यूपीएस बॅटरीवर पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात, ती काही अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाल्या एसएमपीएसना मानवत नाही आणि लाईट गेल्याक्षणी पीसी बंद पडतो. घेण्याआधी दुकानात आपल्या पीसीवर चालवून बघण्याचा आग्रह धरा, आणि तुमच्या यंत्राचा एकूण भार एखाद्या तंत्रज्ञाकडून मोजून घ्या.

प्रश्न : मुलाच्या गेमिंग पीसीने लाईट बिल किती वाढेल? (कोल्हापूर)

३५० वॉटचा भार धरला आणि तो रोज चार तास खेळला तर दिवसाला १.४ युनिट, महिन्याला ४२ युनिट.

प्रश्न : आय९-१४९०० के आहे. काही गेम सुरू होताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा निरोप येतो आणि गेम बंद पडतो. सहा महिने झाले, कार्ड बदलायचा विचार आहे. (डोंबिवली)

कार्ड बदलू नका. सहा महिने का थांबलात? निरोपात कार्डाचं नाव असलं तरी इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरमधला बिघाड नेमका अशाच रूपात दिसतो. प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होतं आणि तो हळूहळू झिजत होता. इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रॅमच्या) दुरुस्त्या दिल्या, त्या बायॉस अपडेटमधून येतात. आज रात्रीच बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून ताजं बायॉस टाका. मात्र अपडेटने पुढची झीज थांबते, झालेली भरून येत नाही. त्यानंतरही गेम पडत असेल तर प्रोसेसर बदलून मागा. खोक्यात मिळालेल्या अशा प्रोसेसरची वॉरंटी इंटेलने दोन वर्षांनी वाढवली आहे. ट्रेमधला सुटा घेतला असेल तर विक्रेत्याकडे जावं लागेल. बिल शोधून ठेवा.

प्रश्न : गेम बूस्टर आणि रजिस्ट्री क्लीनर टाकल्याने एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) वाढतो का? (सोलापूर)

नाही. दोन्ही काढून टाका.

प्रश्न : मी अकरावीत आहे. लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड कार्ड घेणार आहे. मायनिंगमध्ये (क्रिप्टो नाणी कमावण्यासाठी) वापरलेलं नको असं सगळे म्हणतात. माझ्या एसएमपीएसला ८ पिनची केबल नाही, विक्रेता साटावरून (डिस्कला वीज देणाऱ्या जोडावरून) ८ पिनचा अडॅप्टर फुकट देतो आहे. (ठाणे)

मायनिंगचं कार्ड म्हणजे मेलेलं कार्ड, ही ऐकीव गोष्ट आहे. पंखे झिजलेले असतात, थर्मल पॅड सुकलेले असतात, कधी बायॉस बदललेलं असतं, आणि हे सगळं तपासता येतं. समोर अर्धा तास जड गेम चालवून दाखवायला सांग, तापमान बघ, कार्डावरचा सिरीयल क्रमांक खोक्याशी आणि बिलाशी जुळव. तपासू देत नसेल तर तिथून निघ. वडिलांना किंवा जाणत्या माणसाला सोबत ने.

तो अडॅप्टर मात्र हातात घेऊ नकोस. साटाच्या जोडाला १२ व्होल्टवर जेमतेम ५४ वॉट झेपतात, आणि ८ पिनच्या जोडातून कार्ड १५० वॉटपर्यंत ओढू शकतं. प्लास्टिक वितळतं, आगही लागते. ज्या एसएमपीएसला ८ पिनची केबलच नाही, तो बहुधा त्या कार्डासाठी बनलेलाच नाही. कार्डाचे पैसे देण्याआधी एसएमपीएसच्या लेबलचा स्पष्ट फोटो काढ आणि गल्लीतल्या नाही, तर अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या तंत्रज्ञाला दाखव. मला पाठवलास तरी चालेल.