फुगा फुगला, पण मुलं काय शिकली?

प्रश्न : आम्ही अन्नतंत्रज्ञानाच्या तिसऱ्या वर्षाला आहोत. समाजसेवा उपक्रमात सहावीच्या मुलांना तासभर अन्नविज्ञान शिकवतो. यीस्ट (पाव फुगवणारे, साखर खाऊन वायू सोडणारे सूक्ष्मजीव) आणि साखरेच्या पाण्याने बाटलीवरचा फुगा फुगवायचा प्रयोग घेतला. निम्मे फुगे ढिम्म. बाकीच्या गटांना काय कळलं विचारलं, तर म्हणाले, 'फुगा फुगला!' कुठे चुकतंय?

उत्तर : फुगे रुसले ते बहुधा पाण्यामुळे. 'कोमट' हे ज्याच्या त्याच्या बोटावर ठरतं, म्हणून थर्मामीटर वापरा. बर्फाचा चुरा नि थोडं पाणी यांत तो ० अंश दाखवतो का, हे आधी तपासा. अर्धा लिटरच्या बाटलीत ४० अंशांचं १०० मिली पाणी, चहाचे २ चमचे साखर, २ चमचे कोरडं यीस्ट. फुगा पंपाने दोनदा फुगवून सैल करा, तोंडाशी रबरबँड लावा. नवा फुगा ताठ असतो आणि वायू कडेने निसटतो. रबराची अ‍ॅलर्जी कुणाला आहे का, हे वर्गशिक्षकांना आदल्या दिवशीच विचारा.

खरी चूक मात्र वेगळी : प्रत्येक गटाकडे बाटली एकच होती. तुलनाच नाही, तर मुलं निष्कर्ष कशावरून काढणार?

तीन बाटल्या घ्या. पहिली वरच्यासारखी. दुसरीत बर्फाचं पाणी. तिसरीतलं यीस्ट तुम्ही स्वतः ७० अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून, ४० अंशांपर्यंत निवल्यावरच साखर घाला आणि फुगा लावा. गरम असतानाच लावलात तर आतली हवा प्रसरण पावून फुगा जरा उभा राहतो, नि मुलं 'हेही फुगलं' म्हणतात.

प्रयोगाआधी एकच प्रश्न टाका : 'फ्रिजमध्ये जंतू मरतात का?' हात मोजून फळ्यावर लिहा. वीस मिनिटांनी दुसरी, थंड बाटली ४० अंशांच्या पाण्यात उभी करा. थोड्या वेळाने तिचाही फुगा हलू लागतो, तिसरीचा नाही; म्हणजे थंडीने यीस्ट मेलं नव्हतं, नुसतं थबकलं होतं. आता पुन्हा हात मोजा. अहवालात हेच दोन आकडे द्या, फोटो कमी चालतील. शास्त्रीय नावं तर अजिबात नकोत.

एखादं चुणचुणीत मूल विचारेलच, 'मग शिळं अन्न उकळलं की झालं?' हो म्हणू नका. यीस्ट उष्णतेने चटकन मरतं, पण काही जिवाणूंचे बीजाणू (त्यांची चिवट, सुप्त रूपं) उकळूनही टिकतात, आणि स्टॅफिलोकोकससारख्या जिवाणूंनी अन्नात आधीच सोडलेलं विष उकळल्याने जात नाही.