सगळेच लुडबुडे ‘बिझीबॉडी’ नसतात

प्रिय,

तुझी इंग्रजी कथा दोनदा वाचली. प्रसंग जिवंत आहेत. अडलं ते एका शब्दाशी. सगळ्यांच्या दारात डोकावणारी शेजारीण, रांगेवर रुबाब करणारा कारकून आणि नोकरीवर नवा लागलेला, पुढेपुढे करणारा तरुण, या तिघांनाही तू ‘बिझीबॉडी’ म्हटलं आहेस. मराठीत भोचक, आगाऊ आणि उतावळा यांची तू कधी सरमिसळ करणार नाहीस. मग इंग्रजीतच का?

शब्द शोधण्याआधी त्या माणसाला नेमकं काय हवंय ते बघ. बातमी हवीय, सल्ला द्यायचाय, अधिकार गाजवायचाय, की शाबासकी मिळवायचीय?

शेजारणीला बातमी हवीय, तेव्हा ‘बिझीबॉडी’ तिला शोभतो. पण हा शब्द वाटतो तितका सौम्य नाही. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये, पेत्राच्या पहिल्या पत्रात, दुसऱ्यांच्या भानगडीत पडणारा ‘बिझीबॉडी’ खुनी आणि चोर यांच्याच ओळीत बसवलाय. चिडवण्यापुरतं म्हणायचं असेल तर ‘नोझी पार्कर’ वापर, मात्र तो ब्रिटिश बोलण्यातला आहे. सोळाव्या शतकातले आर्चबिशप मॅथ्यू पार्कर यांच्या नाकाशी त्याचा संबंध जोडणारी गोष्ट तुला कोणीतरी सांगेलच. तिला आधार नाही, तू पुढे सांगू नकोस.

फुकटचे सल्ले देणाऱ्यासाठी ‘किबिट्झर’ आहे. पत्त्यांच्या डावात मागे उभं राहून ‘हे पान टाक’ म्हणणारा. शब्द यिडिशमधून आला, आणि त्याचं मूळ टिटवीच्या जर्मन नावात आहे. तुझ्या कथेत असा कोणी नाही, म्हणून पुढे जातो.

कारकुनाचं मात्र नीट बघू. त्याच्यासाठी शब्द आहे ‘ऑफिशियस’. तो ‘ऑफिशियल’सारखा दिसतो, त्यामुळे चांगले लिहिणारेही फसतात. दोन्ही शब्द कर्तव्य किंवा सेवा या अर्थाच्या लॅटिन शब्दातून आले, पण ‘ऑफिशियस लेटर’ म्हणजे सरकारी पत्र नव्हे. एके काळी हा शब्द स्तुतीचा होता, मदतीला तत्पर अशा अर्थाचा. सॅम्युअल जॉन्सनच्या 1755 च्या इंग्रजी शब्दकोशात हा भला अर्थ आहे आणि गळ्यात पडणाऱ्या आगाऊपणाचाही आहे. रोजच्या इंग्रजीत आता दुसराच उरलाय. 1939 मध्ये इंग्लंडमधल्या एका खटल्यात न्यायाधीश मॅकिनन यांनी ‘ऑफिशियस बायस्टँडर’ची कल्पना मांडली: दोघे करार करत असताना तिसऱ्याने मध्येच एखादं कलम सुचवावं आणि दोघांनी वैतागून ‘अहो, ते तर आहेच!’ म्हणून त्याला गप्प करावं, इतकं जे उघड असतं, ते न लिहिताही करारात धरायचं. कायद्याच्या त्या कसोटीतसुद्धा वैताग उरलाय, हे मला फार आवडतं.

तुझा कारकून स्वतःच्या टेबलावर नुसता नियमाला चिकटून राहिला असता, तर तो ‘स्टिकलर’ ठरला असता. पण तू दाखवलंयस की तो शेजारच्या टेबलावरचा अर्ज उचलतो, त्यावर लाल खूण करतो आणि रांगेतल्या म्हाताऱ्याला मागे जायला सांगतो. यातलं एकही काम त्याचं नाही. म्हणून तो ‘ऑफिशियस’.

तरुण कोणाच्या कामात नाक खुपसत नाही. प्रश्न संपायच्या आत त्याचा हात वर असतो, एवढंच. तो ‘ईगर बीव्हर’, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैनिकांच्या बोलीत रुळलेला शब्द. तो निवेदकाच्या नव्हे, सहकाऱ्याच्या तोंडी घाल. शिफारसपत्रात मात्र कौतुक म्हणूनही लिहू नकोस, तिथे ‘कीन’ बरा. उत्साहाच्या भरात त्याने कोणाचं नुकसान केलं असतं, तर ‘ओव्हरझेलस’ चाललं असतं.

आता जे मला खरोखर खटकलं ते. शेवटच्या प्रसंगात समोरच्या आजोबांचं दार दोन दिवस उघडलेलं नाही, हे फक्त त्या शेजारणीच्या लक्षात येतं आणि ती जाऊन दार वाजवते. तिथेही तुझा निवेदक तिला ‘बिझीबॉडी’च म्हणतो. असले शब्द बायकांना फार पटकन चिकटतात, आणि एकदा चिकटले की त्यांची काळजीही चौकशी ठरते. तिथला शब्द काढ, नुसतं ‘नेबर’ लिही.

सुधारलेला खर्डा आला की कारकुनाच्या प्रसंगापासून वाचायला घेईन.