घरचं विचारा : आंधी, तंबोरा आणि सोड्याचा फेस

लग्न होऊन पुण्याहून ग्वाल्हेरला आले. थाटीपूरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. सकाळी पिसांच्या झटकणीनं सगळं घर झटकते आणि दुपारी टीव्हीवर बोटानं नाव लिहिता येतं. आंधी आली की मग रडूच येतं. काकू, इथल्या बायका काय करतात?
*– एक नवी ग्वाल्हेरकर*

इथल्या बायका आधी आभाळाकडे बघतात. वैशाख-ज्येष्ठात राजस्थानाच्या अंगाला पिवळट काळवंडलं की गच्चीवरचे कपडे, कुरडया, पापड आत. खिडक्या लावायच्या. कूलर बंद करायचा, कारण तो बाहेरचीच हवा ओढतो. एरवी त्याचं ओलं गवत थोडी धूळ अडवतं, आंधीत मात्र त्याचा चिखल होतो आणि टाकीत उतरतो. दाराच्या फटीला पिळलेला टॉवेल गुंडाळून लावायचा. तुमच्या फ्लॅटला सरकत्या खिडक्या असणार. त्यांच्या खाचांत जुन्या टूथब्रशनं कोरून बघा काय निघतं ते! हार्डवेअरच्या दुकानात फोमची चिकटपट्टी मिळते, ती फटींना लावली की रोजचं निम्मं काम हलकं होतं. झाडण्यापेक्षा फट बुजवणं स्वस्त, हे मी सगळ्यांना सांगते आणि सगळ्या नवा झाडूच आणतात.

आंधी गेल्याबरोबर झाडू घेऊ नका. बारीक धूळ बराच वेळ हवेत तरंगत राहते. पंखे बंद ठेवा, चहा करा, ती बसू द्या. मग वरून खाली या : पंखा, कपाटांची माथी, मग टेबल-खुर्च्या, फरशी सर्वांत शेवटी. पंख्यासाठी बटण बंद करून जुना उशीचा अभ्रा पात्यावर चढवायचा आणि दोन्ही बाजूंनी दाबत आपल्याकडे ओढायचा. धूळ अभ्र्यात पडते, डोळ्यांत नाही.

ती झटकणी मात्र माळ्यावर टाका. ती धूळ काढत नाही, फक्त जागा बदलते. जुन्या सुती धोतराचा किंवा बनियनचा तुकडा घ्या, ओला करून इतका पिळा की पुन्हा पिळला तर थेंब पडू नये. घडी घालून एका दिशेनं ओढत न्या. एक बाजू मळली की घडी उलटा. गोल गोल घासू नका, आणि याचं कारण खास इथलं आहे. आपलं गाव वालुकाश्माचं. इथल्या धुळीत वाळूचे कण असतात, आणि वाळूतली गारगोटी काचेपेक्षा कठीण असते. घासलंत की काचेवर आणि पॉलिशवर चरे. म्हणून काच, शिसवी फर्निचर यांवरून आधी मऊ ब्रश फिरवायचा, मगच फडकं. टीव्ही बंद करून, गार झाल्यावर, कोरड्या मऊ कापडानं हलक्या हातानं पुसा. त्यावर काच पुसायचा फवारा मारू नका.

महाराज बाड्यावर, म्हणजे इथल्या भर बाजारपेठेत, फुटपाथला मायक्रोफायबरची फडकी मिळतात, ती खरंच चांगली. त्यांचे धागे इतके बारीक चिरलेले असतात की धूळ त्यांत अडकून बसते. फक्त धुताना कपडे मऊ करायचं ते सुगंधी द्रावण घालू नका. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि फडकं निकामी होतं.

बाकी, १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ इथं पडला आणि त्याचंच पुढे ‘लष्कर’ नावाचं शहर झालं, तेव्हापासून मराठी बायका ही धूळ पुसताहेत. तुम्हालाही जमेल.

घरात वडिलांचा तंबोरा आणि दोन कपाटं पुस्तकं आहेत. सूनबाई ओल्या फडक्यानं पुसायला निघाल्या, मी हात धरला. बरोबर केलं का?
*– एक आजोबा, जीवाजीगंज*

आजोबा, शंभर टक्के बरोबर. पण सूनबाईंना रागावू नका, त्या निदान पुसायला तरी निघाल्या.

तंबोऱ्याला पाणी नको. जुन्या वाद्यांवर बहुधा लाखेचं पॉलिश असतं. ओल्या फडक्यानं त्यावर पांढुरके डाग उठतात आणि स्पिरिटनं तर ते विरघळतंच. भोपळा आणि दांडी कोरड्या, धुतलेल्या मलमलीनं पुसा. तारांखालच्या पट्टीला आणि घोडीजवळ चित्रकलेचा मऊ ब्रश वापरा. जवारीचे दोरे (सूर खुलावा म्हणून घोडीवर तारांखाली सरकवलेले) हलवू नका, घोडीला तेलाचं बोट लावू नका. वाजवून झालं की तारांवरून कोरडं कापड फिरवा, घामानं तारा गंजतात. आणि गवसणी! ती कुणीच धूत नाही. आतली धूळ वाद्यावर घासत राहते. उलटी करून गच्चीवर झटका, जमलं तर धुवा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय चढवू नका.

पुस्तकं दोन्ही हातांनी आपटून झटकायची खोड वाईट, त्यानं शिवण ढिली होते. पुस्तक घट्ट मिटून धरा आणि दाढीच्या जुन्या ब्रशनं वरची कड पुठ्ठ्याच्या बांध्याकडून बाहेर झाडत या. हे काम पावसाळ्याआधी उरका, कारण श्रावणातल्या दमटपणात धुळीवर बुरशी धरते. पुस्तकं भिंतीला टेकवू नका, मागे चार बोटं वारा खेळू द्या.

मोबाइलवर बघून व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून कोट्याची फरशी पुसली. फेस छान आला, पण फरशी मंद दिसते आहे.
*– एक वाचक, दाल बाजार*

दिसणारच. कोटा काय, संगमरवर काय, दोन्ही चुन्याच्या जातीचे दगड. व्हिनेगर, लिंबू, संडासचं ॲसिड, काहीही आंबट त्यांना खातं. गेलेली चमक पुसून येत नाही, पॉलिशवाल्याला बोलवावं लागतं. यापुढे साधं पाणी आणि चमचाभर भांड्यांचं पातळ साबण पुरे.

आणि तो फेस म्हणजे नुसता वायू. आंबट आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात, उरतं खारट पाणी. वेगवेगळे वापरा. धुण्याचा सोडा गरम पाण्यात घालून स्वयंपाकघरातली चिकट धूळ काढायला (हातमोजे घालून, आणि ॲल्युमिनियमच्या कढईला लावू नका, काळी पडते). व्हिनेगर किंवा लिंबूसत कूलरच्या टाकीतल्या आणि नळावरच्या पांढऱ्या खपल्यांना.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगते : ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र करायचं नाही. क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद मोरीत तो जीवावर बेततो.

खोली भाड्याची, पैसे कमी, झाडलं की शिंका. काय करू?
*– विद्यापीठाजवळ राहणारा विद्यार्थी*

बाळा, झाडण्याआधी फरशीवर पाण्याचा हलका शिपका मार, तोंडाला रुमाल बांध, खिडकी उघड. जुना मोजा ओला करून हातात चढव, तोच तुझा डस्टर. गादी खोलीत बडवू नकोस, गच्चीवर नेऊन बडव आणि उन्हात टाक. चादरी, अभ्रे आठवड्याला धू. कापडाला चालत असेल तर ६० अंशांच्या कढत पाण्यात, म्हणजे गादीतले बारीक किडे मरतात. छातीत घरघर होत असेल तर मला पत्र नको, डॉक्टरांकडे जा.

सासूबाई सतरंजी झाडण्याआधी चहाचा चोथा पसरायच्या. अजून चालतं का?
*– एक वाचक, दौलतगंज*

चालतं. चोथा दोन-तीनदा धुवा, साखर राहिली तर मुंग्या येतील. पिळून जेमतेम ओलसर ठेवा, पसरून लगेच कडक झाडूनं ओढा. धूळ त्याला चिकटून येते. गडद सतरंजीलाच करा. फिक्या रंगावर तांबूस डाग पडतो, आणि चहाचा डाग कुठल्या साबणाला दाद देत नाही हे तुम्हाला ठाऊक आहेच.