गोल शिवण पहिल्यांदाच शिवताय? हे एवढं बघा

ताई, टेन्शन घेऊ नका, जमतंय. फक्त सुरुवातीलाच सोलापुरी चादरीचे तुकडे नकोत, जाड असतात, वळत नाहीत. पातळ सुती घ्या, गोलाई मोठी ठेवा.

- जोडायचे दोन्ही तुकडे (एकाची कड आत वळलेली, दुसऱ्याची बाहेर फुगलेली) मधोमध दुमडून खूण करा. पहिली टाचणी मध्ये, मग टोकांना, मग अधेमधे.
- शिवताना आत वळलेल्या कडेचा तुकडा वर ठेवा.
- शिलाई कडेपासून पाव इंच आत, मशीन हळू. कापड ओढायचं नाही, नवीन लोकं इथंच चुकतात, गोलाईत कापड आडवंतिरपं कापलेलं असतं त्यामुळं ओढलं की ताणतं आणि झोळ येतोच. चार-पाच टाक्यांनी थांबा, सुई खालीच ठेवून फूट (मशीनचा कापड दाबणारा भाग) उचला, चुणी बोटानं मागं सारा, कडा जुळवा, मग पुढं.

इस्त्री घासू नका, नुसती दाबा. कडेला कात्रे (छोटे काप) मारायचं नंतर बघू. झालेल्या तुकड्याचा फोटो टाका नक्की.